पानं गळली की खेळ सुरू! विदर्भाच्या जंगलाच्या भन्नाट तऱ्हा

नवतपा लागला की नागपूर दुपारी दार लावून घेतं. रस्त्यावर जो दिसतो त्याचे फक्त डोळे दिसतात, बाकी सगळा दुपट्टा. अशा दिवसांत मनसरच्या पुढे देवलापार, चोरबाहुलीच्या बाजूनं गाडी काढलीत, तर दोन्ही अंगांना करडं, उघडंबोडकं जंगल उभं असतं. पुण्या-मुंबईचे पाहुणे हळहळतात, ‘अरेरे, सगळं वाळून गेलं!’

काहीही वाळलेलं नाही. पेंच, ताडोबा, बोर, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा, मेळघाट. नागपूरच्या चहूबाजूंना पसरलेलं हे जंगल वर्षातला सगळ्यात धाडसी डाव याच दिवसांत खेळतं. फुलं काढायची, बिया पेरणीला तयार ठेवायच्या, पिल्लं वाढवायची, हे सगळं उन्हात.

जगातल्या प्रत्येक जंगलाची अडचण वेगळी. सैबेरियातल्या सूचिपर्णी जंगलाला थंडी छळते, म्हणून तिथल्या झाडांची पानं सुईसारखी आणि आकार वरून निमुळता, बर्फ घसरून पडावा असा. अॅमेझॉनच्या वर्षावनात पाणी उदंड, पण जमिनीवर उजेड पोचत नाही, म्हणून सगळी धडपड उंच जाण्याची. आपल्या जंगलाची अडचण आहे वेळापत्रकाची. नागपुरात वर्षाला सुमारे ११०० मिलीमीटर पाऊस पडतो, म्हणजे कमी नाही. पण तो जवळपास सगळा चार महिन्यांत उरकतो आणि उरलेले आठ महिने साठवणीवर काढायचे असतात. हॅरी चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये आणि त्यांच्यासोबत एस. के. सेठ यांनी १९६८ मध्ये भारतीय जंगलांची जी वर्गवारी केली, तिच्यात आपलं बहुतेक जंगल ‘उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी’ या खान्यात बसतं. नाव रुक्ष आहे. आतला मामला अजिबात नाही.

कूलर बंद करणारी झाडं

पानाच्या खालच्या अंगाला बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी वाफ होऊन निघतं आणि पान थंड राहतं. नागपूरकराला हे वेगळं समजवायला नको, आपला कूलर नेमका याच तत्त्वावर चालतो. टाकीत पाणी आहे तोवर गारवा. फेब्रुवारीनंतर जमिनीतली टाकी तळाला जाते आणि झाड सरळ कूलर बंद करतं, म्हणजे पानंच टाकून देतं.

टाकतानाही उधळपट्टी नाही. पान गळण्याआधी त्यातलं नत्र आणि स्फुरद झाड फांद्यांत परत ओढून घेतं. मग देठाच्या बुडाशी बुचासारखा थर तयार होतो, जखम बंद होते आणि रिकामं पान खाली येतं. जंगलात पायाखाली जे कुरकुर वाजतं, त्यातला बराचसा माल झाडानं आधीच काढून घेतलेला असतो.

भुताचं झाड

ताडोबात संध्याकाळी जिप्सी परतत असते, आणि एकदम खडकाळ उतारावर पांढरंफटक, निष्पर्ण, हात पसरलेलं काहीतरी दिसतं. हा कांडोळ, कुणी कुलू म्हणतं. पर्यटकांसाठी त्याचं नाव ‘घोस्ट ट्री’ झालंय. पांढरी, चकचकीत साल ऊन परतवून लावते, त्यामुळे खोड कमी तापतं. या सालीचा वरचा पापुद्रा कागदासारखा सुटतो आणि त्याच्याखाली चक्क हिरवा रंग असतो. पानं नसताना खोड स्वतःच थोडंफार अन्न तयार करू शकतं, ते या हिरव्या थराच्या जोरावर. खोडाला चीर दिली की डिंक येतो. हा ‘कराया’ डिंक औषधांपासून खाद्यपदार्थांपर्यंत अनेक ठिकाणी जातो. झाडाच्या दृष्टीनं तो जखमेवरचा लेप आहे, म्हणून हावरटासारखे घाव घातले की झाडं मरतात आणि अनेक भागांत ती विरळ झाली आहेत. सुंदर झाड. दिसलं की जिप्सी थांबवायला सांगा, वाघ पाच मिनिटं थांबेल.

साग उलट्या चालीचा

सागाचं पान फूटभर सहज असतं, कोवळ्या झाडाचं तर दोन फुटांपर्यंत जातं. पावसाळ्याच्या चार महिन्यांत जेवढा सूर्यप्रकाश गोळा करता येईल तेवढा करून घ्यायचा, हा त्यामागचा हिशेब. कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लालभडक होतो. विदर्भातल्या खेड्यांत वाढलेल्या प्रत्येकानं ही मेंदी कधीतरी लावलेली असते.

पावसाळा सरता सरता सागाची पानं जाळीदार होतात. ही एका छोट्या पतंगाच्या अळ्यांची करामत. त्या शिरा सोडून मधला गर तेवढा खातात. रोपवाटिकावाले कपाळाला हात लावतात, पण मोठं झाड फारसं बिचकत नाही, कारण पानं पुढच्या काही महिन्यांत गळायचीच असतात.

बाकीची मंडळी उन्हाळ्यात फुलत असताना साग फुलतो भर पावसाळ्यात, शेंड्यावर पांढुरक्या तुऱ्यांनी. फळ इतकं टणक की एका पावसानं त्याला काहीच होत नाही. म्हणून रोपवाटिकेत सागाच्या बिया भिजवतात, वाळवतात, पुन्हा भिजवतात, पुन्हा वाळवतात. ऊन-पावसाचे हे हेलकावे पुरेसे झाले तरच कोंब बाहेर येतो. एका चुकार अवकाळी सरीला भुलून जानेवारीत उगवायचं आणि मार्चमध्ये करपायचं, असा घात सागाच्या बाबतीत सहसा होत नाही. त्याच्या लाकडात वाळवीला न मानवणारी रसायनं असतात. २०२३ मध्ये दिल्लीत संसदेच्या नव्या इमारतीचं उद्‌घाटन झालं, तिच्यात वापरलेलं सागवान नागपूरहून गेलं होतं.

फुलायचं, तेही बिनपानाचं

‘पळसाला पानं तीनच’ हे सगळ्यांना पाठ आहे. वनस्पतिशास्त्र म्हणतं, ती तीन पानं मिळून एकच पान, तीन पर्णिका असलेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही तिन्ही गायब होतात आणि अख्खं झाड केशरी पेटतं. वास नाही, मध भरपूर. कारण गिऱ्हाईक पक्षी आहेत आणि पक्ष्यांना वासापेक्षा रंग कळतो. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर यांची सकाळपासून झुंबड असते. पानांचा पडदा नसल्यामुळे झाड लांबून दिसतं. पुढे शेंगा वाळतात त्या वेळी उन्हाळ्याचा वारा सुटलेला असतो. शेंग पातळ, चपटी, बी फक्त टोकाला एकच, बाकी सगळं पंख. मेअखेरीला ती उडत जाऊन पडते आणि पंधरवड्यात पाऊस येतो. एवढी अचूक पेरणी हवामान खात्याचा अंदाज ऐकूनही जमत नाही.

सावर, पांगारा, बहावा, सगळे याच मार्गानं जातात. पण या टोळीचा राजा मोह. त्याचं लग्न रात्री लागतं. रात्री फुलं उमलतात, वटवाघळं येतात. काम झालं की गोड, मांसल पाकळ्यांची पेलीसारखी रचना पहाटे टपाटप गळून पडते, मात्र फळ होणारा भाग झाडावरच राहतो. म्हणजे खाली पडलेली फुलं कोणी कितीही खाल्ली तरी झाडाचं काही बिघडत नाही. आणि खाणारे तरी किती! चितळ, सांबर, रानडुक्कर, माकडं, अस्वल, आणि टोपली घेतलेल्या बाया. मार्च-एप्रिलमध्ये गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या अनेक घरांत दिवस पहाटे तीन-चारलाच उगवतो, तो मोह वेचण्यासाठी. अस्वलाचीही वेळ तीच. अंधारात दोघांची गाठ पडली की प्रसंग जीवावर बेततो, आणि असे प्रसंग दरवर्षी येतात. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायचीही पद्धत आहे, त्यातून वणवे पसरतात. झाडाखाली जाळी किंवा जुनं लुगडं अंथरून फुलं झेलायची हा साधा उपाय आता काही गावांत रुजतोय. तो जितक्या लवकर पसरेल तितका बरा, माणसांसाठीही आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांसाठीही.

चैत्रपालवीचं कोडं

आता खरं आश्चर्य ऐका. जमीन कोरडी ठक्क, पारा चाळिशीपार, आणि काही झाडांना नेमकी याच वेळी नवी पालवी फुटते! गुढीपाडव्याला आपण जो कोवळा कडुनिंब गुढीला बांधतो, तो याच वेडेपणाचा पुरावा. कुसुमाचं झाड तर मार्च-एप्रिलमध्ये असं लालबुंद होतं की लांबून फुलंच वाटावीत. ती सगळी पानं असतात. तेंदूची पालवी एप्रिल-मेमध्ये तयार होते, म्हणून तर बिडीच्या पानाचा हंगाम ऐन उन्हाळ्यातला.

हे जमतं खोल मुळांमुळे. वरची दोन हात माती भाजून निघाली तरी खाली कुठेतरी ओल असते आणि मुळं तिथवर पोचलेली असतात. लवकर पालवण्यात फायदा दुहेरी. पाऊस पडल्याबरोबर पान कामाला तयार, आणि पावसाबरोबर येणाऱ्या अळ्यांच्या फौजेआधी ते निबरही झालेलं. कोवळ्या पानांचा लाल रंग त्यांना कडक उन्हापासून वाचवतो, असं शास्त्रज्ञ मानतात.

तेंदूची आणखी एक खुबी म्हणजे त्याला संपवणं अवघड. तोडा, जाळा, जमिनीखालच्या मुळांतून तो पुन्हा धुमारे काढतो. पळसही तसाच चिवट.

मगरीची पाठ आणि टांगलेला कोसा

ऐन, म्हणजे आपल्याकडचा येन, ओळखायला सगळ्यात सोपा. साल काळपट, चौकोनी भेगांची, थेट मगरीची पाठ. ही जाडजूड साल वणव्याची धग आत पोचू देत नाही. काही झाडांच्या खोडात उन्हाळ्यातही पाणी साठलेलं असतं, आणि खोडावरचा फुगवटा पाहून असं झाड ओळखणारी माणसं जंगलात आहेत.

याच येनावर आणि नदीकाठच्या अर्जुनावर टसर रेशमाची अळी पोसली जाते. भंडारा-गडचिरोलीत ढिवर समाजाच्या कितीतरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हा उद्योग सांभाळला आहे. आता या अळीची अक्कल पाहा. तिचं घर पानझडी झाडावर. ती पानाला धरून कोसा विणेल तर पान गळताच कोसा जमिनीवर आणि मुंग्या हजर. म्हणून ती आधी रेशमाचाच एक बळकट दांडा विणते आणि त्याची कडी डहाळीभोवती घट्ट आवळते. मग त्या दांड्याला टांगलेला, अंड्याच्या आकाराचा, कवचासारखा टणक कोसा. पानं गळतात, कोसा लोंबत राहतो. आतला कोष हिवाळा, उन्हाळा झोपून काढतो आणि पावसाच्या तोंडावर पतंग बाहेर पडतो. झाड पानं टाकणार, हे या किड्याच्या विणकामात लाखो वर्षांपासून गृहीत धरलेलं आहे. मोहाडीजवळच्या आंधळगावची कोसा साडी हातात घ्याल तेव्हा हे जरूर आठवा.

वारूळ: जंगलाची खानावळ

शुष्क जंगलात एक मोठी पंचाईत असते. पानांचा खच पडतो, पण तो कुजायला ओल लागते आणि ओल नसते. मग हा पाला मातीत परत कोण घालणार? वाळवी.

घरात वाळवीला आपण शिव्या घालतो. जंगलात तिच्यावाचून पान हलत नाही. वाळलेला पाला, काटक्या ती वारुळात नेते. तो तिला धड पचत नाही, म्हणून ती त्याचे मऊ, स्पंजासारखे वाफे रचते आणि त्यावर बुरशीची शेती करते. बुरशी पाला मऊ करते, वाळवी ते खाते. या शेतीला दमट, स्थिर तापमान लागतं. बाहेर नवतपा जळत असताना वारुळाच्या पोटात हवा खेळती राहते आणि ओलावा टिकतो.

पाऊस पडला की ही बुरशी वारुळावर छत्र्या उगवते. पूर्व विदर्भात त्यांना सात्या म्हणतात. श्रावणाच्या सुमारास भंडारा, गोंदियाकडून त्या नागपूरच्या बाजारात येतात, मोजकेच दिवस, आणि भाव मटणाच्या तोडीचा. सात्यांच्या मसालेदार रश्शापुढे मटण बाजूला ठेवणारे लोक मला ठाऊक आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. या छत्रीची शेती माणसाला अजून साधलेली नाही. तिला वाळवीच लागते.

वारुळाचं दुसरं गिऱ्हाईक अस्वल. आपलं अस्वल मधासाठी प्रसिद्ध असलं तरी त्याचं मुख्य अन्न वाळवी आणि मुंग्या. त्यासाठी त्याचं अख्खं तोंड बदललेलं आहे. वरच्या जबड्यातले मधले दोन दात नाहीतच, त्या फटीतून ओढायला वाट मोकळी. ओठ लांब आणि लवचीक. नाकपुड्या हव्या तेव्हा मिटता येतात, माती आत जाऊ नये म्हणून. लांब नखांनी वारूळ फोडायचं, फुंकर मारून धूळ उडवायची आणि मग एका दमात वाळवी ओढून घ्यायची. हा आवाज शांत जंगलात शंभर-दीडशे मीटरवरूनही ऐकू येतो. पिल्लं आईच्या पाठीवरच्या लांब केसांना धरून फिरतात. जगातल्या अस्वलांत पिल्लांना असं नियमानं पाठीवर वागवणारं हे एकटंच.

पालापाचोळा, वाळवी, बुरशी, अस्वल, आणि आपल्या ताटातला रस्सा. वारूळ लाथेनं फोडणाऱ्या पोराला ही साखळी जरूर सांगावी.

झटपट पाच

वाघाचा केशरी रंग आपल्याला भडक वाटतो, पण चितळाच्या डोळ्यांत लाल रंग ओळखणाऱ्या पेशी नसतात. त्याला वाघ हिरव्या-करड्या गवतातच मिसळलेला दिसतो.

चितळाचं नाक तेज, माकडाची नजर तेज आणि तीही झाडाच्या शेंड्यावरून. म्हणून उन्हाळ्यात चितळांचा कळप वानरांच्या झाडाखाली हमखास सापडतो. वानरं अर्धवट खाल्लेला पाला खाली टाकतात, ती चितळांची पंगत. वाघाची चाहूल कोणालाही आधी लागो, आरोळी दोघांच्या कामी येते.

रानकुत्रा, ज्याला विदर्भात कोळसून म्हणतात, भुंकत नाही. शीळ घालतो. दाट झाडीत पांगलेली टोळी या शिळेवर एकत्र येते. नवेगाव-नागझिरा त्याच्यासाठी प्रसिद्ध. टोळीत साधारण एकच जोडपं वितं, पण पिल्लांना भरवायला सगळे धावतात.

चौसिंगा हा चार शिंगांचा जगातला एकमेव वन्य प्राणी. फक्त नराला शिंगं, पुढची जोडी आखूड. त्याला रोज पाणी लागतं, त्यामुळे मे महिन्यात पाणवठ्यापाशी धीर धरून बसलात तर भेटण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

वाघाला पाण्याची भीती नाही. ताडोबात उन्हाळी दुपारी तो पाणवठ्यात गळ्यापर्यंत बसून राहतो, आणि उतरताना बहुतेकदा पाठमोरा उतरतो, आधी शेपूट, मग धड. डोळ्यांवर पाणी उडालेलं त्याला आवडत नाही.

मानवेलाचा एकदाच होणारा सोहळा

चंद्रपूर-गडचिरोलीत मुख्य बांबू दोन, भरीव मानवेल आणि काटेरी कटांग. पावसाळ्यात त्यांचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, भाजीला येतात. बांबू हे गवतच, पण फुलण्याची तऱ्हा जगावेगळी. कित्येक दशकं फूल म्हणून नाही आणि मग एखाद्या वर्षी डोंगरच्या डोंगर एकदम फुलतो, बियांचा सडा घालतो आणि मरतो. दरवर्षी थोड्या बिया आल्या असत्या तर उंदीर, रानकोंबड्या, डुकरांनी एकही शिल्लक ठेवली नसती. एकाच वेळी इतका माल ओतायचा की खाणाऱ्यांची पोटं फुटावीत आणि तरी उरावा, असा हा डाव. त्यानंतरची काही वर्षं मात्र बिकट. वाळलेला बांबू वणव्याला आयतं जळण आणि वाघिणीला पिल्लं लपवायला आडोसा नाही.

११३ वर्षं हरवलेला पक्षी

बहुतेक घुबडं रात्री फिरतात. रानपिंगळा घुबडच, पण तो दिवसा फिरतो, उघड्या फांदीवर बसून ऊन खातो आणि सरडे, उंदीर मारतो. सागाचं विरळ, उजेडाचं जंगल त्याला मानवतं. पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं आणि १८८४ नंतर तो दिसेनासा झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने. त्यांतला एक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या नावावर होता, ‘१९१४, मांडवी, गुजरात’ अशी चिठ्ठी लावलेला. त्यावर भरवसा ठेवून पक्षितज्ज्ञ गुजरातेत शोध घेत राहिले.

अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईनं तपासला आणि चोरी उघडकीला आली. खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी मिळवलेला जुना नमुना संग्रहालयातून उचलून, पुन्हा पेंढा भरून, नवी चिठ्ठी लावलेला होता. खोटा पत्ता बाजूला ठेवून त्या, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट खऱ्या पत्त्यांवर निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबारच्या शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला सापडला. पुढे मेळघाटात त्याची भक्कम वस्ती असल्याचं कळलं. कोरकूंच्या गावांभोवतीच्या रानात तो इतकी वर्षं होताच.

अंधार राखणारं जंगल

जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातलं पेंच भारताचं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. ताऱ्यांसाठी ही गोष्ट छान आहेच, पण रातवा, वटवाघूळ आणि मोहाच्या फुलांवर येणारे पाहुणे यांच्यासाठी ती जगण्या-मरण्याची आहे. दिव्यांनी रात्र पुसली की रात्रीची सगळी वेळापत्रकं कोलमडतात. नागपूरपासून दोन तासांच्या अंतरावर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. शाळांच्या सहली तिथे रात्रीच्या न्याव्यात, दिवसा नव्हे.

याच पेंचला छेदून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो. प्राण्यांसाठी त्यावर नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट काढली आहे, सगळ्यात लांब वाट ७५० मीटरची. वाघ, बिबटे, रानकुत्रे, गवे, चितळ तिथून ये-जा करताना कॅमेऱ्यांत टिपले गेले. अशा वाटा किती गरजेच्या आहेत, ते ‘वॉकर’नं दाखवलं. यवतमाळच्या टिपेश्वरमधला हा तरुण वाघ जून २०१९ मध्ये जागेच्या शोधात निघाला आणि कधी महाराष्ट्रात, कधी तेलंगणात, शेतं, नाले, रस्ते ओलांडत, बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यातल्या पट्ट्यानं नोंदवलेली एकूण चाल सुमारे ३००० किलोमीटर. वाटेत कापूस, तूर आणि माणसांची वस्ती. तो दिवसा दडून राहायचा आणि रात्री चालायचा.

पहिली सर आणि जमिनीखालची गर्दी

आठ महिने जंगलातली बरीच मंडळी जमिनीखाली असतात. बेडूक मातीत स्वतःला गाडून घेऊन, शरीराचा सगळा कारभार मंद करून पडून राहतात. पहिल्या दणक्याच्या पावसाला मोठ्या बेडकांचे नर पिवळेधम्मक होऊन डबक्याकाठी ओरडू लागतात. मखमली लाल मृगाचा किडा याच दिवसांत दिसतो, तोही मोजके दिवस. त्याचे पाय मोजा, आठ भरतील. म्हणजे नाव किडा असलं तरी नातं कोळी-गोचिडाशी. बाकीचं जवळपास सगळं वर्ष तो मातीत.

नवरंग पक्षी मात्र वरून येतो. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून मे-जूनमध्ये तो विदर्भात घरटं करायला हजर होतो. अळ्या आणि गांडुळांचा सुकाळ होण्याच्या बेतानं. नागझिऱ्यात जूनच्या पहाटे त्याची दोन सुरांची शीळ चहूकडून ऐकू येते.

या सगळ्या पाखरांना, झाडांना, त्यांच्या सवयींना मराठीत घर दिलं ते मारुती चितमपल्ली यांनी. वनखात्याची नोकरी नवेगावबांध, नागझिरा, मेळघाटात करता करता त्यांनी गोंड, ढिवर, कोरकू जाणत्यांकडून नावं आणि खाणाखुणा टिपून घेतल्या. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये, मृगाच्या दिवसांत, ते गेले. ‘पक्षीकोश’ घरात नसेल तर आणा.

आणि हे शहरातच

जिप्सीचं बुकिंग मिळालं नाही? सेमिनरी हिल्सला जा, अंबाझरीला जा, गोरेवाड्याच्या तलावाकाठी जा. एप्रिल-मेमध्ये वड, पिंपळ, उंबर फळांनी लगडले की तिथे राखी धनेश येतो, लांब वाकड्या चोचीचा, केकाटत उडणारा. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार आतून विष्ठेनं लिंपून बंद करते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवून. आत बसून ती अंडी उबवते आणि उडायची पिसंही गाळून टाकते. म्हणजे काही आठवडे ती पूर्णपणे नराच्या भरवशावर. नर दिवसभर उंबरं, पाली, किडे आणून फटीतून भरवतो. त्याला काही झालं तर आतलं अख्खं कुटुंब अडकतं.

ढोली जुन्या झाडांनाच असते. सिव्हिल लाइन्समधली शंभर वर्षांची झाडं तोडून त्या बदल्यात दहा रोपं लावली, तरी धनेशाला घर मिळायला पुढची कित्येक दशकं जातील. म्हणून वॉर्डात झाडतोडीची नोटीस खोडावर ठोकलेली दिसली, तर आधी मान वर करून ढोली आहे का ते पाहा. खाली उंबराच्या बियांचा आणि विष्ठेचा ताजा सडा असेल, तर आत कुणीतरी राहतंय. फोटो काढा आणि हरकतीची मुदत संपायच्या आत महापालिकेच्या उद्यान विभागात लेखी हरकत नोंदवा.